किल्ली कुणाच्या हातात? मुलींचं नेतृत्व घडवण्याचा एका शालेय वर्षाचा आराखडा

आमच्या शाळेत ३ जानेवारीला बालिका दिनाचं भाषण ठरलेलं. सातवीतली एखादी मुलगी हातवारे करत पाच मिनिटं न अडखळता सावित्रीबाईंवर बोलायची. टाळ्या पडायच्या, पाहुणे शंभराची नोट बक्षीस द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला ऑफिसातून खडू आणायला पाठवलं की ती दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसायची. आत जाऊन "सर, खडू हवेत" एवढं म्हणणं तिला जमत नसे. भाषण आम्ही लिहून दिलेलं होतं, खडू तिने स्वतः मागायचे होते.

जिल्हा परिषदेच्या शाळांत २८ वर्षं शिकवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मुलीला धीट करायचं असेल तर तिच्या हातात खरं काम द्यावं, त्यातले निर्णय तिला घेऊ द्यावेत, ते चुकू द्यावेत, आणि चुकल्यावर काम काढून घेऊ नये. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे आणि ती आपण मोठ्यांनी पाळायची आहे.

हे आत्ताच का, असं कुणी विचारलं तर गावच्या पंचायतीत डोकावून या. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. तरी कितीतरी गावांत सही बाईंची असते आणि बोलतात 'सरपंचपती'. त्या बाईंना दोष देऊ नका. चाळिशीपर्यंत ज्यांच्या हाती कुणी एक बैठक दिली नाही, त्यांनी एकदम ग्रामसभा कशी चालवावी? ती सवय अकराव्या-बाराव्या वर्षी लागते.

पुढे लिहिलंय ते सहावी ते आठवीच्या १२ मुलींच्या गटासाठी, जून ते एप्रिल. शिक्षक, अंगणवाडीताई, बचत गटातल्या बायका, एखादी धडपडी आई, कुणीही हे करू शकतं. खर्च हजाराच्या आत बसतो.

आधी उंबरा

मुलींशी बोलण्याआधी घरी जा. आणि शाळेतल्या पालकसभेवर भागवू नका, तिथे सगळे मान डोलावतात. संध्याकाळी सात-साडेसातला, गडी माणसं रानातून आलेली असताना ओट्यावर टेका. नेतृत्व, सक्षमीकरण हे शब्द तोंडातून काढू नका. वडिलांना तीनच गोष्टी हव्या असतात: किती वाजता सुटणार, सोबत कोण, आणि घरच्या कामाचं काय. त्याची नेमकी उत्तरं घेऊन जा.

वेळेचं सांगते. संध्याकाळ मागाल तर गट महिन्यात मोडेल, कारण संध्याकाळ पाण्याची, चुलीची आणि धाकट्या भावंडांची असते. आम्ही शनिवार धरला. सकाळची शाळा सुटली की दप्तर पाठीवर असतानाच ४० मिनिटं. एकदा मुलगी घरी पोचली की ती परत येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर येते, ते धरून चाला. त्या महिन्यात मोठं काम काढू नका आणि न आलेल्या मुलीचं नाव कापू नका.

आजीला मात्र वेगळं भेटा. पुष्कळ घरांत नकार वडिलांच्या तोंडून येतो, पण ठरलेला आजीच्या खाटेवर असतो. एका आजीने मला सरळ विचारलं, "बाई, पोरगी उलट बोलायला लागंल का?" मी म्हटलं, "लागंल. पण दुकानदारानं सुट्टे पैसे कमी दिले तर तिथंबी बोलंल." आजी हसल्या. पोरगी आली.

बारा जणी कोणत्या?

पहिल्या बाकावरच्या हुशार मुली उचलायचा मोह होतो. तो आवरा. त्यांना आधीच सगळं मिळत असतं. आठवडाभर मधल्या सुट्टीत नुसतं बघा. लंगडीत भांडण लागलं की "आधी कोण आऊट झालं ते सांगा" असं कोण म्हणतं? पोषण आहाराच्या रांगेत धाकट्याचं ताट कोण धरतं? बाईंनी चुकून जास्त गुण दिले तर कोण येऊन सांगतं? या मुली घ्या. आणि दोन तरी अशा घ्या ज्यांचा आवाज तुम्ही वर्षभरात ऐकलेला नाही.

सगळ्या वस्त्यांतून घ्या. गावठाणातल्या आठ आणि तांड्यावरची नावापुरती एक असं झालं, की ती एक गप्पच बसते. प्रत्येक वस्तीतून किमान दोघी हव्यात. बैठक गोलात, एकाच सतरंजीवर, आणि पाण्याचा माठ एकच.

काम असं द्या, की कुणीतरी रागावेल

शाळेत मुलींना देतात ती कामं आठवा. रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांना ओवाळणं. (आभारप्रदर्शनाला मात्र मुलगा. हे कुठल्या परिपत्रकात लिहिलंय ते मला २८ वर्षांत सापडलं नाही.) या कामांत एकही निर्णय नसतो. ज्या कामात कुणाला तरी "नाही" म्हणावं लागत नाही, त्यातून नेतृत्व तयार होत नाही.

आम्ही वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दिली. पुस्तकं सुमारे दोनशे. आतापर्यंत कपाट बंद असायचं, कारण पुस्तकं फाटतात. नियम मुलींनी केले: एका वेळी एक पुस्तक, सात दिवस, उशीर झाला तर दिवसाला एक रुपया. पंधरा दिवसांत पेच आला. खुद्द मुख्याध्यापकांनी नेलेलं पुस्तक आलं नव्हतं. दंड मागायचा का? मुलींनी शनिवारची अख्खी बैठक यावर घालवली. शेवटी दोघी जणी वही घेऊन ऑफिसात गेल्या. सरांनी नऊ रुपये दिले, पावती मागितली. पावतीपुस्तक नव्हतं! पुढच्या आठवड्यात ते आलं. ऑफिसच्या दारात फरशी उकरणारी मुलगी त्या दोघींतली एक होती.

कपाट नसेल तर मैदानाच्या साहित्याची खोली, हात धुण्याच्या नळाची आणि साबणाची व्यवस्था, सॅनिटरी पॅडचा साठा, यांतलं काहीही चालेल. गावात करत असाल तर मुलींची अभ्यासिका घ्या. तीन गोष्टी तपासा: किल्ली, वही आणि दंड किंवा नकार देण्याचा अधिकार मुलींकडे आहे का. यांतलं एक जरी तुमच्याकडे राहिलं तरी त्या तुमच्या मदतनीस ठरतात.

बैठक आणि चिंचोके

बैठक कशी चालते हे मुलींना नवं नसतं. आईच्या बचत गटाची बैठक त्यांनी घरात पाहिलेली असते: नियमित बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड, हिशेब, ही पंचसूत्री पोरींनाही पाठ असते. तोच नमुना घ्या. आईची वही मागवून पहिल्या बैठकीत सगळ्यांना दाखवा. एका मुलीच्या आईने येऊन ती वही वाचून दाखवली तर फारच छान. आपली आई हे करते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलेल्या मुली मी पाहिल्यात.

अध्यक्ष दर महिन्याला बदलायची. वर्षाला एकच अध्यक्ष केली तर तीच सगळं करते आणि बाकीच्या अकरा जणी निवांत होतात. विषयपत्रिका आदल्या दिवशी फळ्यावर, तीनच विषय. इतिवृत्त दुसरी मुलगी लिहिते, पुढच्या बैठकीत ते आधी वाचलं जातं आणि "बरोबर आहे का?" असं विचारलं जातं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक हवेत. हे शब्द मुलींना जड जात नाहीत, त्यांना ते आवडतात. मोठ्यांचं हत्यार हातात आल्यासारखं वाटतं.

आता चिंचोके. प्रत्येकीला तीन चिंचोके द्या. एकदा बोललं की एक मध्ये टाकायचा. तीन संपले की त्या दिवशी ऐकायचं. बोलघेवड्या मुलींचे पहिल्या पाच मिनिटांत संपतात, मग त्या ओठ चावत बसतात आणि पुढच्या वेळी जपून वापरतात. जिच्यापुढे तिन्ही शिल्लक आहेत तिला अध्यक्षाने विचारायचं, "तुला काय वाटतं?" तिने "मला अजून ठरवता आलं नाही" म्हटलं तरी एक चिंचोका टाकायचा. तेही मतच आहे. दोन-अडीच महिन्यांत चिंचोक्यांची गरज उरत नाही.

वाद घालायला एक वाक्य शिकवा: "मला पटलं नाही, कारण..." कारणाशिवाय हे वाक्य चालत नाही, आणि "तू नेहमीच अशी करतेस" हे तर मुळीच नाही. सुरुवातीला मुली 'कारण'पाशी थांबतात. थांबू द्या.

आणि तुम्ही? गोलाच्या बाहेर, दाराजवळ, तोंड बंद. शिक्षकाला हे किती अवघड जातं ते मला विचारा. मी हातात विणकाम घेऊन बसायची.

गल्ल्यातले चाळीस रुपये

पैशाशिवाय नेतृत्वाचं शिक्षण लुटुपुटीचं राहतं. घरात बाईला हिशेब विचारतात, ठरवू देत नाहीत. म्हणून गटाला सुरुवातीलाच ५०० रुपये द्या आणि एक पत्र्याचा गल्ला. रोकड वही साधी: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. खर्चाला दोघींच्या सह्या, प्रत्येक खर्चाची पावती खिळ्याला टोचलेली. महिनाअखेरीला गल्ला सगळ्यांसमोर उपडा करून मोजायचा.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मोजणीच्या आदल्या दिवशी मी सहज वही पाहिली, गल्ला पाहिला, आणि चाळीस रुपये कमी दिसले. त्या महिन्यात गल्ला सांभाळणारी मुलगी गरीब घरची होती. उद्या सगळ्या तिच्याकडे कसं बघतील हे मला आधीच दिसलं. मी पर्समधून चाळीस रुपये काढले आणि गुपचूप टाकले. मोठ्या मनाचं काम केलं असं वाटून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि चाळीस रुपये जास्त निघाले. त्या मुलीने सकाळीच दुकानात जाऊन पुठ्ठ्याची राहिलेली पावती आणली होती, खर्च वहीत लावला होता. कमी काही नव्हतंच. सगळ्या गोंधळल्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही घातले ना? तुम्ही आमचा हिशेब बिघडवला." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "तुम्हाला वाटलं मी घेतले."

माफी मागितली. इतिवृत्तात लिहिलंही गेलं: "बाईंनी न विचारता ४० रुपये टाकले, ते परत केले." वही अजून शाळेत आहे.

तेव्हापासून माझा नियम असा: हिशेब चुकला तर मी पाहिलं तरी हात लावायचा नाही. खरंच पैसे कमी आले तर काय करायचं ते गटाने ठरवावं. बहुतेकदा दोन-तीन बैठकांत भरून काढण्याची युक्ती निघते. चोरीचा आरोप मात्र बैठकीत होऊ देऊ नका. तेवढ्यापुरतं तोंड उघडा.

मैदान

गटाचा एक दिवस मैदानावर घालवा, आणि तो खो-खोचा असू द्या. साहित्य जवळजवळ काही लागत नाही, पण त्याहून मोठं कारण खेळातच आहे. आठ जणी रांगेत एकाआड एक विरुद्ध तोंडाने बसलेल्या, एक जण पाठलागावर. पाठलाग करणारीला दिशा उलटवता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. म्हणजे आपल्याला पुढे जाता येत नसेल तर ज्या बाजूला खेळाडू गेली तिकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायचा. कधी स्वतः धरायचं आणि कधी सोपवायचं, हा निर्णय क्षणात. उशिरा खो दिला तर सगळ्यांसमोर कळतं, आणि लगेच पुढचा निर्णय घ्यावाच लागतो, रडायला वेळ नसतो.

मुलींना सांगायला जवळची नावंही आहेत. धाराशिवच्या सारिका काळे भारतीय संघाच्या कर्णधार होत्या, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार होती आणि मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या सामन्याची चित्रफीत दाखवा. पण चषक उचलतानाची नाही, कर्णधार मैदानावर बोलतानाची.

पाळीच्या दिवसांत मुलगी बाजूला बसते आणि कुणी विचारत नाही, हे चालू ठेवू नका. खेळायचं की नाही ते तिने ठरवावं. साहित्याच्या खोलीत पॅड, गुंडाळायला वर्तमानपत्राचे तुकडे आणि झाकणाचा डबा ठेवा, आणि त्या साठ्याची नोंद मुलींकडेच द्या.

भाषणाऐवजी प्रश्न

१८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिला कुणी मुद्दे काढून दिले नव्हते. आपल्या लोकांना काय सोसावं लागतं ते तिने पाहिलं होतं, तेच मांडलं आणि त्याचा जाब विचारला. ३ जानेवारीला मुलींना हे सांगा, आणि मग प्रत्येकीला एकच कागद द्या: "आपल्या गावात मला न पटणारी एक गोष्ट, आणि ती कुणाला विचारायची." पाठ करायचं नाही, वाचून दाखवायचं. त्या कागदांतूनच पुढचं काम मिळतं.

ग्रामसभेपर्यंत

एका वर्षी बारापैकी सात कागदांवर एकच गोष्ट होती: शाळेच्या वाटेवरचा ओढ्याजवळचा दिवा. हिवाळ्यात जादा तासाहून परतताना तिथे अंधार असतो आणि पारावर टवाळ पोरं बसतात. हे काम कसं गेलं ते पायरीपायरीने सांगते, कारण दिव्याच्या जागी पाणी, शौचालय, बसथांबा काहीही असू शकतं.

मुलींनी आधी आठवडाभर नोंद केली: किती वाजता अंधार पडतो, त्या वाटेने किती मुली जातात, खांब आहे का, दिवा कधीपासून बंद. मग निवेदन. ते एका पानाचंच असावं. 'प्रति' सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), विषय एका ओळीत, अडचण तीन ओळींत, मागणी एकच, खाली तारीख आणि सह्या. दोन प्रती काढायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणायची. ही पोच. पोच न घेता दिलेलं निवेदन म्हणजे ओढ्यात सोडलेली कागदाची होडी. पहिल्यांदा गेल्या तेव्हा "ठेवून जा, बघतो" असं ऐकून मुली परतल्या. मी परत पाठवलं. "पोच दिल्याशिवाय बाई वर्गात घेणार नाहीत" असं त्यांनी आपल्याच मनाने ठोकून दिलं आणि शिक्का घेऊन आल्या. खोटं बोलल्याबद्दल मी रागवायला हवं होतं.

ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. तिथे मत मतदारांनाच, त्यामुळे मुलींच्या नावावर ठराव येत नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे पुष्कळ आयांनाच माहीत नसतं. तुमचा रस्ता तिथून जातो. मुलींनी आयांना तयार करायचं: सूचक कोण, अनुमोदक कोण, ठरावाची वाक्यं काय. निम्मी घरं तर या तयारीतच बदलतात. मुलगी आईला सांगतेय, "आई, उभी राहूनच बोल, बसून बोललं की लिहून घेत नाहीत."

पैसे नाहीत हे उत्तर येणारच. तेव्हा विचारायचं, की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो यंदा कशावर झाला? हा प्रश्न मुलीने नाही, आईने विचारावा. मुलींना गावच्या राजकारणात पुढे ढकलून आपण मागे राहायचं नाही.

आमचा दिवा ठरावानंतर चार महिन्यांनी लागला. दोन महिन्यांनी परत गेला. मग मुलींना कळलं की ठराव झाला म्हणजे काम संपलं नाही, आणि पाठपुराव्याची वेगळी वही निघाली.

मुलांचं काय

मुलांना वगळून हे होत नाही. वाचनालयाच्या कामावर दोन मुलं मुलींच्या हाताखाली द्या, हाताखालीच. पहिले पंधरा दिवस हसतात, मग करतात. घरी भावाने स्वतःचं ताट धुवावं, एवढीच एक मागणी पालकांकडे करा. जास्त मागितलं तर तीही जाईल.

जिथे मुलींना पुढे करायचं नाही

गट रुळला की मुली तुमच्याकडे काही गोष्टी घेऊन येतील. कुणाच्या लग्नाची बोलणी चाललीत, कुणाला वाटेत कुणी अडवतं, कुणाला घरात भीती वाटते. इथे धाडसाचं कौतुक बाजूला ठेवा. मुलींनी मोर्चा नेऊन लग्न थांबवलं अशा बातम्या वाचायला बऱ्या वाटतात, पण त्या मुलींना त्याच गल्लीत राहायचं असतं. हे काम मोठ्यांचं आहे. १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा. १८ वर्षांखालील मुलीचं लग्न २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला लेखी कळवा. मुलीचं नाव गटात, इतिवृत्तात, स्टाफरूममध्ये कुठेही येता कामा नये.

एप्रिल

वार्षिक परीक्षेच्या आधीचा शनिवार हस्तांतराचा. समारंभ नको, पाहुणे तर नकोतच. पुस्तकं मोजायची, गल्ला उपडा करायचा, तीनही वह्यांवर शेवटची ओळ ओढून दोन्ही गटांच्या सह्या घ्यायच्या. पुस्तकं कमी भरली तर तेवढं लिहायचं आणि तसंच पुढे द्यायचं. किल्ली आठवीतली मुलगी सातवीतल्या मुलीच्या हातात देते, मधे तुमचा हात येत नाही. दुसरी किल्ली मुख्याध्यापकांकडे पाकिटात बंद असते. सुट्टीत ती वापरली गेली, तर जूनमध्ये पहिल्या बैठकीचा पहिला विषय तोच असतो: कुणी, कधी आणि कशासाठी.